पंपाच्या तोंडाएवढा पाइप

आप्पांनी बागेला पाणी घालायची हिरवी नळी उचलली, तिच्या तोंडावर अंगठा दाबला आणि धार थेट कंपाउंडच्या भिंतीपलीकडे फेकली.

"बघा शेठ," ते म्हणाले. "तोंड बारीक केलं की पाणी किती लांब जातंय. आन् आमची पोरगी म्हणती, पाइप मोठा घाला."

संपतशेठ हसले. त्यांचे धाकटे भाऊ जगन्नाथशेठ हसले. परांचीवर बसून तंबाखू मळणारे गवंडी हसले. आमच्या नळ-पाइपांच्या दुकानात काम करणारा माझा चुलतभाऊ प्रवीण तर मांडीवर थाप मारून हसला. मी हातात कागद घेऊन अंगणात उभी होते आणि धारेचे शिंतोडे त्या कागदावर उडाले होते.

"लांब जातंय, खरंय," मी म्हणाले. "पण आप्पा, त्या धारेनं एक बादली भरा. मग अंगठा काढा आन् दुसरी भरा. कुठली आधी भरती ते बघू."

"घ्या. आता ही मला बादली भरायला शिकवणार."

परत सगळे हसले. आप्पांनी नळी आळ्यात टाकली आणि हात धोतराला पुसले. "कानामागनं आली आन् तिखट झाली," ते शेठना म्हणाले, पण माझ्याकडे बघून.

त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं की तुला आत्ता काय करावंसं वाटतंय, तर मी ती नळी उचलून सगळ्यांना नखशिखांत भिजवलं असतं. पण मला कुणी काही विचारत नव्हतं, हाच तर सगळा तंटा होता.

ही गोष्ट विट्याची. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवायची, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध करून सराफाला द्यायची, हे ते काम. संपतशेठ निकमांची उमर केरळात, त्रिशूरला गेली. तिथून परतल्यावर त्यांनी गावाबाहेर बंगला बांधला आणि तिकडे कुठल्याशा हॉटेलात बघितलेली खाऱ्या पाण्याची, रंगीत माशांची टाकी आपल्या हॉलमध्ये हवी म्हणून हट्ट धरला. आमच्या तालुक्यात माणसं टँकरची वाट बघत मोठी होतात, आणि इथे एका हॉलात समुद्र आणायचा होता. असो, पैसा त्यांचा होता.

अशा टाकीला पाणी सतत फिरतं लागतं. वरचं पाणी गाळण्यांतून जायचं, स्वच्छ व्हायचं आणि पुन्हा वर यायचं. गाळण्या आणि पंप म्हणजे घरघर आणि पसारा. शेठाणीबाईंना हॉलात तो नको होता, म्हणून दुसरी टाकी खाली तळघरात ठेवायची ठरली. वरचं पाणी आपल्या पायाने खाली उतरणार होतं. प्रश्न होता तो वर चढवण्याचा. तळघर खोल होतं. सरळ भिंतीतून पाइप न्यावा तर मध्ये देवघर, आणि माशांचं उष्टं पाणी देवाच्या पायाखालून न्यायचं नाही अशी शेठाणीबाईंची अट. मग पाइप जिन्याकडून फिरवून, कोपऱ्याकोपऱ्यात वळणं घेत न्यायचा होता.

आप्पांचा नियम उभ्या विट्याला पाठ होता. पंपाचं तोंड जेवढं, तेवढा पाइप. तोंड एक इंची, तर पाइप एक इंची. वर त्याला एक जोड होती, पाइप मोठा केला की प्रेशर मरतं. गावातल्या निम्म्या बंगल्यांत आप्पांचे, म्हणजे हणमंत सुतारांचे, पाइप याच नियमाने बसले होते आणि चालत होते, कारण तिथे पाणी गच्चीवरच्या टाकीतून खाली यायचं. वर चढवायचं असलं तरी दिवसातून एकदा, आणि टाकी भरायला अर्धा तास जास्त लागला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. इथे बिघडणार होतं. मासे पाण्याची वाट बघत बसत नाहीत.

मी सांगलीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. आज सांगलीत हेच माझं स्वतःचं काम आहे, पण तेव्हा मी पंचविशीतली होते आणि आप्पांच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत होते. मी हिशेब मांडला होता. पाणी पाइपाच्या अंगाला घासत जातं, आणि पाइप बारीक असेल तर फार घासतं. प्रत्येक वळणावर आणखी अडतं. एक इंची पाइपातून हवं तेवढं पाणी न्यायचं म्हटलं तर पंपाला एक मजला उंचीचा आणि जवळजवळ दुसरा मजला नुसत्या घासण्याचा, असं दोन मजल्यांचं ओझं पडणार होतं. तेवढं त्याच्याने होणार नव्हतं. दीड इंची घातला तर घासणं जवळपास संपत होतं. पंपाच्या तोंडाला जोड देऊन पाइप मोठा करायचा, एवढंच. वीज गेली की पाइपातलं आणि वरच्या टाकीच्या काठाजवळचं पाणी खाली येणार, म्हणून खालची टाकी कधी गच्च भरायची नाही, हेही मी सांगितलं होतं. ते मात्र आप्पांनी निमूट ऐकलं, कारण त्यात पाइपाचं माप नव्हतं.

आणि हे काम नुसतं काम नव्हतं. काम मिळालं त्या दिवशी आप्पा जेवताना आईसमोर म्हणाले होते, "ही टाकी हेमाची. हिच्या मापावर चालली, तर दुकानाच्या किल्ल्या हिच्याकडं. न्हाई चालली, तर प्रवीणकडं." आप्पा शब्दाचे पक्के म्हणून प्रसिद्ध होते. त्या घासापासून माझं खाण्यात लक्ष लागलं नव्हतं. मला ते दुकान हवं होतं. नट-बोल्टच्या डब्यांसकट, गंजलेल्या शटरसकट, सगळंच्या सगळं हवं होतं.

तर नळीचा तो तमाशा झाल्यावर गवंडी कामाला लागले आणि आप्पांनी मला गेटापाशी बोलावलं.

"उद्यापासनं साइटवर येऊ नगंस," ते म्हणाले. "पाइप मी आन् प्रवीण घालतो. एक इंची."

"माझ्या मापावर चालवायचं ठरलं होतं, आप्पा."

"चार माणसांत माझं माप खोटं पाडायला निघालीस तवा ठरलं होतं ते मोडलं."

"मी खोटं पाडलं न्हाई. तुम्हीच नळी उचलली."

"गप. आवाज बारीक कर."

मी आवाज बारीक केला नाही. "ठीक हाय. घाला एक इंची. एक इंचीवर ती टाकी नीट चालली, तर किल्ल्या प्रवीणला द्या. मी तोंड उघडणार न्हाई. पण न्हाई चालली तर तुम्ही शेठच्या समोर सांगायचं, की हेमाचं माप बरोबर होतं."

आप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. दुकानात गिऱ्हाईक एखादी वस्तू मागतं आणि ती आपल्याकडे आहे की नाही हे आप्पा आठवतात, तसं ते बघणं होतं. मग म्हणाले, "चालंल."

पुढचे दिवस मी घरात काढले. आईने मेथी निवडायला दिली तर मी देठंच जास्त तोडत होते. "एवढा कशाचा राग गं?" आई म्हणायची. "बाप हाय तुझा, वैरी न्हवं." मी म्हणायचे, "वैऱ्यानं मला येऊ दिलं असतं." प्रवीण संध्याकाळी सायकल ठेवायला यायचा, तेव्हा मी मुद्दाम दारात उभी राहायचे. "झालं का?" मी विचारायचे. "होतंय की," तो म्हणायचा आणि माझ्याकडे न बघता निघून जायचा. मला वाटायचं, किल्ल्या आत्ताच खिशात वाजायला लागल्यात म्हणून मिजास चढलीय.

वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. हॉलमध्ये भिंतभर काच होती आणि तिच्यामागे निळा उजेड. अजून मासे सोडायचे होते. नुसतं पाणी होतं, खडक होते. मी आधी तळघरात उतरले. पंपातून बाहेर पडलेला पाइप मी हाताने चाचपला. एक इंची. तो वीतभर वर जाऊन भिंतीत शिरला होता, वर नवं प्लॅस्टर आणि त्यावर पांढरा रंग. मग वर येऊन काचेखालचं कपाट उघडलं. तिथे भिंतीतून बाहेर येणारा पाइपही एक इंची.

आणि वर पाणी भरभरून येत होतं.

मी पाइपाच्या तोंडाशी हात धरला तर पाण्याने हात बाजूला सारला. माझ्या हिशेबाने तिथे करंगळीएवढी मरतुकडी धार यायला हवी होती. मी हात पाण्यातच ठेवून उभी राहिले. आजूबाजूला बायका पैठण्या सावरत म्हणत होत्या, बाई, किती छान.

शेठनी आप्पांना शाल-नारळ दिला. आप्पांनी शाल पांघरली, नारळ कुशीत धरला आणि चार लोक ऐकतील असं म्हणाले, "आमच्या हेमानं दीड इंच सांगितलं हुतं. ऐकलं असतं तर पंप नुसता घुमत बसला असता."

"अनुभव तो अनुभव, हणमंतराव," शेठ म्हणाले. "पुस्तकात पाणी असतंय, पण ओलं नसतंय."

जगन्नाथशेठना ते इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. मी जिलेबी वाढत होते. त्यांच्या पानात वाढली आणि पुढे सरकले.

त्याच संध्याकाळी आप्पांनी दुकानाच्या किल्ल्या प्रवीणच्या हातात दिल्या. मी पैज हरले होते, मला बोलायला जागा नव्हती. प्रवीण किल्ल्या घेताना खाली बघत होता. मला वाटलं, मोठ्या माणसासमोर नम्रता दाखवतोय.

त्यानंतर मी माझा हिशेब किती वेळा मांडला ते मला आठवत नाही. पुस्तक काढून मांडला, पुस्तक न काढता मांडला. वळणं कमी धरली, पंप जास्त ताकदीचा धरला. कसाही मांडला तरी एक इंची पाइपातून तेवढं पाणी वर येत नव्हतं, आणि मी माझ्या हाताने ते येताना बघितलं होतं. मग मी हिशेबच सोडला. मला वाटायला लागलं की मला पाणी कळतच नाही. तीन वर्षं सांगलीत बसून मी काहीतरी भलतंच शिकले. दुकानात कुणी येऊन पाइपाचं माप विचारलं तर मी म्हणायचे, प्रवीणला विचारा. सर्वांत वाईट दिवस तेच होते. राग होता तेव्हा मी निदान ताठ चालत होते.

वास्तुशांतीला महिना झाला असेल नसेल. सकाळी शेठच्या घरून फोन आला. तळघराच्या जिन्यात दिवा बसवायला आलेल्या वायरमनने भिंतीत ड्रिल घातलं होतं आणि भिंतीतून पाणी उडत होतं. आप्पा आणि प्रवीण खानापूरला कामावर गेले होते. आप्पांना निरोप लागला, पण त्यांना यायला वेळ लागणार होता.

"तू जा की," आई म्हणाली.

"मी? मला काय कळतंय?"

"मासं मरतील म्हणं. जा."

मी घरी पडवीत ठेवलेल्या सामानातून जोडायचा एक इंची कपलर, एक इंची पाइपाचा तुकडा, पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा, छिन्नी आणि करवतीचं पातं पिशवीत टाकलं आणि गेले. शेठ जिन्याच्या तोंडाशी येरझाऱ्या घालत होते. मासे तोवर आले होते आणि शेठना त्यांचा लळा लागला होता. पंप त्यांनी मी येण्याआधीच बंद केला होता. "किती वेळ तग धरतील गं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "दुपारपर्यंत काही होत नाही, तुम्ही वर बसा."

मी छिन्नी लावून प्लॅस्टर फोडायला सुरुवात केली. एक इंची पाइपाला लागतं तेवढं फोडलं, तर पाइपाची कड दिसेना. आणखी फोडलं. आणखी. पांढरा पाइप दिसला आणि तो संपेचना. मी हाताने सिमेंट झाडलं. पाइपावर निळ्या अक्षरात माप छापलेलं असतं. ते वाचायची गरज नव्हती, तरी मी वाचलं.

दीड इंच.

मी खाली सरकत गेले. जमिनीजवळ, पाइप भिंतीत शिरतो तिथे आत चार बोटांवर जोड होती. बाहेर एक इंची, आत गेला की दीड इंची. वर जाऊन कपाटामागे ठोकून बघितलं, तिथेही तसंच. म्हणजे दिसतं तेवढं आप्पांचं माप आणि झाकलं तेवढं माझं.

आधी मला आनंद झाला. खरंच सांगते, आधी आनंदच झाला. माझा हिशेब बरोबर होता, पाणी मला कळत होतं, मी वेडी नव्हते. मी त्या फुटक्या भिंतीसमोर पायरीवर बसून मोठ्याने हसले. मग जिलेबीचं ताट आठवलं, शाल आठवली, प्रवीणचं खाली बघणं आठवलं, आणि माझी कानशिलं तापली. ज्या महिन्यात मी स्वतःला मूर्ख समजत बसले, त्या महिन्यात रोज सकाळी हा माझा बाप माझ्यासमोर बसून चहा पीत होता. त्याला सगळं माहीत होतं आणि तो बशी पुढे करून म्हणत होता, अजून थोडा घाल.

आप्पा आले तेव्हा मी छिन्नी हातात घेऊन तिथेच बसले होते. ते जिना उतरले, त्यांनी भिंत बघितली, मग मला. पिशवी खाली ठेवली.

"बघितलंस?" ते म्हणाले.

"बघितलं."

"जोड दे पटकन. शेठ खाली यायच्या आत लिंपून टाकू."

"का असं केलं, आप्पा?"

"काय केलं? टाकी चालती न्हवं?"

"माझ्या मापावर चालती."

"मग झालं तर. तुझंच ऐकलं की मी. बाजारात जाऊन स्वतः दीड इंची आणला. तुझा कागद खिशात घेऊन गेलो हुतो."

ते हे असं म्हणाले की जणू मी त्यांचे उपकार मानावेत. मी उभी राहिले. "ऐकलं तर सगळ्यांसमोर मला खोटं का पाडलं? शाल पांघरून काय म्हणाला तुम्ही?"

"तीस वर्षं मी गावाला एकच माप सांगितलं. आता पोरीनं सांगितलं म्हणून बदललं, असं म्हणू? उद्या प्रत्येक जण यील, आमचा पाइप काढून बघा म्हणंल. धंदा बसंल. बापाचं नाव जाऊ द्यायचं हुतं का?"

"आणि माझं?"

"तुझं काय नाव हाय आजून?"

हे त्यांनी चिडून म्हटलं नाही. खरं वाटलं ते म्हणाले. म्हणूनच ते जास्त लागलं.

"दुकानाच्या किल्ल्या?" मी विचारलं. "आपली पैज होती. एक इंचीवर चालली तर प्रवीणला."

"दिल्या त्या दिल्या."

"प्रवीणला हे माहीत होतं."

"त्यानंच घातला की पाइप. त्याला मी शपथ घातली हुती." आप्पांनी पिशवीत हात घातला. "हेमे, तू आज न्हाई तर उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. दुकान तुला दिऊन मी काय करू? हे डोक्यातनं काढ. हा घे, जोड दे."

त्यांनी कपलर पुढे केला. दीड इंची. ते पिशवीत तो घालूनच आले होते. मी माझ्या पिशवीतले एक इंचीचे तुकडे बघितले, जे मी महिनाभर खरं मानलेल्या खोट्यापायी आणले होते, आणि मला रडू यायला लागलं. म्हणून मी शेठना हाक मारली.

"शेठ, जरा खाली या."

"हेमा," आप्पा म्हणाले.

"या शेठ, भिंत बघा."

शेठ उतरले. मागोमाग जगन्नाथशेठही. मी छिन्नीचं टोक पाइपावर ठेवून सांगितलं. बाहेर हा एक इंची, तुम्ही बघता तो. आत हा दीड इंची. त्या दिवशी अंगणात मी सांगितला होता तो. एक इंचीवर पाणी वर आलं नसतं, हे आप्पांना माहीत होतं, म्हणून त्यांनी हा घातला आणि वरून प्लॅस्टर केलं. एवढं बोलून मी थांबले.

शेठ वाकून बघत राहिले. जोडीवरून हात फिरवला. मग आप्पांकडे वळले आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारून हसले.

"अरे वा, वस्ताद," ते म्हणाले. "म्हणजे पोरीचं ऐकलं बी आन् पोरीला कळू बी दिलं न्हाई. याला म्हणायचं धंदा."

"लई बिलंदर, हणमंतराव," जगन्नाथशेठ म्हणाले. "माझ्या बंगल्याला बी तुम्हीच या. उद्या सकाळी या मापं घ्यायला."

आणि आप्पा हसले. खाली मान घालून, हात जोडून, कौतुक झाल्यावर माणूस हसतो तसं हसले.

मी इतकी वर्षं विचार करते आहे की मला तेव्हा नक्की काय हवं होतं. शेठनी आप्पांना रागवावं असं नव्हतं. मला वाटलं होतं की खरं एकदा उघड्यावर आलं की आपोआप काहीतरी जागेवर बसेल. खरं उघड्यावर आलं, चौघांनी बघितलं, आणि त्यातही शाबासकी आप्पांनाच मिळाली. चोर तो चोर, वर त्याचा सत्कार.

जोड मी दिली. माशांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. सोल्युशन सुकेपर्यंत थांबले, पंप चालू केला, वर जाऊन पाण्याला हात लावून बघितला आणि घरी आले. रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी चहा गाळत होते. आप्पा स्वयंपाकघरात आले, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्याजवळ उभे राहिले. आवाज अगदी खाली.

"जगन्नाथशेठचं तळघर आणखी खोल हाय," ते म्हणाले. "वळणं बी जास्त पडतील. तिथं किती घालावा?"

मी त्यांच्याकडे बघितलं. दाढी केलेली, टोपी स्वच्छ, आणि डोळ्यांत खरोखरची अडचण. त्यांना माझं उत्तर हवं होतं. ते बरोबर असणार याची त्यांना खात्री होती. एवढी खात्री माझ्याबद्दल जगात दुसऱ्या कुणाला नव्हती, मलासुद्धा नव्हती.

"तिथं येते मी," मी म्हणाले. "जगन्नाथशेठच्या समोर विचारा. सांगते."

"आत्ता सांगायला काय हुतंय?"

"मला काही होत नाही. तुम्हाला तिथं विचारायला काय होतंय?"

आप्पांनी चहा घेतला, उभ्यानेच प्यायला आणि चपला घातल्या. मी पदर खोचून त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसले. त्यांनी उतर म्हटलं नाही.

जगन्नाथशेठचा बंगला शेजारच्याच प्लॉटवर चालला होता. भिंती उभ्या होत्या, प्लॅस्टर बाकी होतं. प्रवीण आधीच येऊन पाइप कुठून न्यायचा त्याच्या खडूने खुणा करत होता. संपतशेठही आले होते. आम्ही तळघरात उतरलो. मी आप्पांच्या अगदी शेजारी उभी राहिले, म्हणजे त्यांना आवाज मोठा करावा लागू नये. एवढंच म्हणायचं होतं, हेमा, सांग. दोन शब्द. त्या दोन शब्दांवर मी किल्ल्या सोडल्या असत्या, शाल सोडली असती, गेला महिना विसरले असते. मी मनातल्या मनात माझा आकडा तयार ठेवला होता.

"मग हणमंतराव," जगन्नाथशेठ म्हणाले, "ठरलं का? किती इंची?"

प्रवीणने खडू भिंतीला लावला आणि माझ्याकडे बघितलं. मग आप्पांकडे.

आप्पांनी भिंतीची उंची बघितली. जिन्याकडची वळणं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील.

"एक," आप्पा म्हणाले.

"बाहेर एक, का आत बी एक?" जगन्नाथशेठनी डोळा मारला आणि संपतशेठ हसायला लागले.

"आत बी एक."

तिथे एक इंचीवर पाणी वर चढणार नाही हे त्यांना माहीत होतं. प्रवीणला माहीत होतं. त्याने खडू थांबवून विचारलं, "काका, नक्की?" आप्पा त्याच्यावर खेकसले, "सांगितलं न्हवं एकदा." प्रवीणने भिंतीवर एकचा आकडा लिहिला.

मी जिना चढून वर आले आणि चालत घरी गेले. त्या टाकीचं पुढे काय झालं ते कुणी ना कुणी मला सांगायला बघायचं, पण मी कधी ऐकून घेतलं नाही.

दुपारी मी सांगलीच्या एसटीत बसले तेव्हा आई स्टँडवर आली होती. तिने खिडकीतून भाकरीची पिशवी आत दिली आणि पदराने तोंड पुसत विचारलं, "एवढं काय बोलला गं तुला तुझा बाप?"

"काही बोलले नाहीत," मी म्हणाले. "त्यांनी मला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही."